चार सेकंदांचा पाहुणा

"बसत नाही हं, खाली रिक्षा उभी आहे," असं म्हणत दारातच उभ्या राहणाऱ्या पाहुण्यांचा मला दांडगा अनुभव आहे. हे पाहुणे साधारण पाऊण तास थांबतात, दोनदा चहा घेतात, आणि खाली रिक्षा नसतेच. पण खरोखरच आला, टेकलाही नाही आणि गेला, असा पाहुणा मी यंदा दसऱ्यानंतर पहिल्यांदा पाहिला. तो म्हणजे आमचा संगणक. बटण दाबलं की निळा दिवा लागायचा, आतले पंखे घुर्रर्र करत फिरायला लागायचे, समोरचा पडदा डोळे उघडण्याच्या बेतात असायचा, आणि टक्! सगळं चिडीचूप. उंबऱ्यात पाऊल टाकून त्याने आमची तोंडं पाहिली आणि घर चुकलं म्हणून मागे फिरला, असं वाटावं.

संगणक म्हणजे टेबलाखालचा तो काळा पत्र्याचा खोका. त्याला आमच्याकडे सगळे 'सीपीयू' म्हणतात. खरा सीपीयू आत दडलेला, काडेपेटीपेक्षाही लहान तुकडा असतो, त्यामुळे हे अख्ख्या वाड्याला देवघर म्हणण्यासारखं आहे. पण दुकानदारापासून इंजिनिअरपर्यंत सगळेच जी चूक करतात तिला चूक म्हणत नाहीत, भाषा म्हणतात.

एरवी खोका बंद पडला म्हणून मी एवढा हळहळलो नसतो. पण मी डोंबिवलीतल्या अठ्ठावीस बिऱ्हाडांच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. ज्या सभेत सेक्रेटरी निवडला गेला त्या सभेला मी दहा मिनिटं उशिरा पोचलो होतो, एवढीच माझी पात्रता. ऑक्टोबर ते डिसेंबरची देखभालीची बिलं, थकबाकीदारांची यादी, गच्चीच्या गळतीचा तीन वर्षांचा पत्रव्यवहार, सगळं त्या खोक्यात. बॅकअप होता. मी इतका बेसावध नाही. तो त्याच संगणकात, 'बॅकअप' नावाच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेला होता.

बिलं निघणार नाहीत ही बातमी जिन्याने वर गेली आणि सोसायटीत दिवाळी आधीच आली. एरवी मला पाहिलं की लिफ्ट सोडून जिन्याने पळणारे सभासद थांबून विचारपूस करू लागले. "काय, अजून नाही ना उठला?" या प्रश्नातला 'ना' फार आशेचा होता. "घाई करू नका, नीट बरा होऊ द्या," असं एक थकबाकीदार मला इतक्या मायेने म्हणाले, की ते फळं घेऊन भेटायला येतील की काय असं वाटलं.

खरं तर दसऱ्याच्या दिवशी तो ठणठणीत होता. आमच्याकडे दसऱ्याला शस्त्रपूजा यथासांग होते. शस्त्रं म्हणजे विळी, पक्कड, स्कूटर आणि संगणक. आईचं वय झाल्यापासून पूजेचं खातं माझ्याकडे आलंय. मी पाटावर बसून सगळ्यांना ओलं हळदीकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, झेंडू वाहिला, कीबोर्डवर आपट्याचं पान ठेवलं. नैवेद्याला साखर दाखवली. आईला तेवढी साखर पसंत पडली नव्हती. "विळीला साखर चालते," ती म्हणाली, "पण त्याच्यावर सोसायटी चालते. पेढा तरी आणायचास." त्यानंतर तीन दिवस मी यंत्राला सुट्टी दिली. चौथ्या दिवशी बटण दाबलं, तर हा प्रकार.

"पेढा," आई म्हणाली, आणि जपमाळ पुढे सरकवली.

पहिलं बोलावणं अर्थातच भाच्याला गेलं. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आपल्याकडे दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी सगळ्यात धीट असतो. पहिल्या वर्षाला काही येत नसतं आणि तिसऱ्या वर्षापर्यंत ते त्याला कळलेलं असतं. त्याने आल्याआल्या चार वेळा बटण दाबलं, चारही वेळा पाहुणा येऊन गेला, आणि त्याने मला पहिला धडा दिला.

"मामा, तुम्हाला वाटतं बटण दाबलं की वीज सुरू होते. तसं नसतं."

त्याने सांगितलं ते मला फार आवडलं, म्हणून माझ्या शब्दांत सांगतो. जुन्या संगणकांचं बटण म्हणजे खरोखरचा खटका होता. दाबला की थेट वीज आत, पुन्हा दाबला की बाहेर. तो हुकूम होता. १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाची नवी रचना आणली आणि बटणाचा दर्जा उतरला. आता बटण म्हणजे नुसता अर्ज. तो मदरबोर्डकडे जातो. बोर्ड हिरव्या वायरीतून एसएमपीएसला, म्हणजे मागच्या वीज देणाऱ्या डब्याला, कळवतो की अर्ज मंजूर. मग तो डबा आपल्या भिंतीतल्या २३० व्होल्टांचे बारा, पाच आणि तीन पूर्णांक तीन असे वाटे घालतो, वाटे नीट पडलेत याची खातरजमा करायला पाव-अर्धा सेकंद घेतो, आणि 'सर्व ठीक' असा शेरा परत पाठवतो. शेरा आला की सीपीयू उठतो, स्वतःचे हातपाय चाचपतो, मेमरी आहे का बघतो आणि मगच पडद्यावर अक्षरं येतात. एका बटणामागे एवढी टेबलं आहेत हे ऐकून मला यंत्राबद्दल एकदम आपुलकी वाटली. सोसायटीच्या कामासाठी मी निबंधकांच्या कार्यालयात जाऊन आलोय. अर्ज अर्ध्यावरून परत येणं ही माझ्या दृष्टीने बिघाडाची खूण नव्हतीच.

भाच्याने खोक्याची बाजू उघडली. आत दहा वर्षांची धूळ होती. आमच्यासमोरच्या रस्त्याचं काँक्रिटीकरण किती वेळा झालं याचे थर मोजता आले असते. पंख्याच्या जाळीत एक झुरळ उताणं पडलेलं. भाचा हरखला. "मामा, बग!" मग त्याने गोष्ट सांगितली. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डमध्ये 'मार्क टू' नावाचा अवाढव्य संगणक अडखळायला लागला, तेव्हा त्याच्या एका रिलेत अडकलेला पतंग सापडला. यंत्रातल्या दोषाला 'बग' म्हणायची पद्धत त्याआधीपासून होती, म्हणून तिथल्या लोकांनी मोठ्या मजेने तो पतंग कामाच्या नोंदवहीत चिकटपट्टीने डकवून ठेवला. ती वही आजही वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. मी झुरळाकडे पाहिलं. त्याला कुठलंही संग्रहालय घेईल असं वाटेना. बायकोने ते केरात टाकलं आणि इतिहास घडता घडता राहिला.

मग भाच्याने मेमरीची पट्टी काढली आणि माझ्याकडे खोडरबर मागितला. माझा समज होता की मेमरी खोडायची नसते, जपायची असते. पण हा आपल्याकडचा सर्वमान्य उपचार आहे म्हणे. पट्टीच्या सोनेरी दातांवर रबर घासायचं, फुंकर मारायची, आणि पट्टी खाचेत 'खटक' होईपर्यंत दाबायची. त्याने घासलं, फुंकलं, दाबलं, बटणाला हात लावला, आणि काय सांगावं, यंत्र चालू झालं! चारचे पाच सेकंद झाले, पाचाचे पन्नास झाले. ओळखीचं निळं चित्र आलं. आईने भाच्याची दृष्ट काढली. मी त्याला पाचशे रुपये दिले. रात्री अकरापर्यंत मी आनंदाने थकबाकीदारांची नावं वाचत बसलो आणि यंत्र रीतसर बंद करून झोपलो. हिशेबाची फाइल पेन ड्राइव्हवर घ्यावी असं मनात आलं होतं. पण बरा झालेल्या माणसाचं मृत्युपत्र कोण करून घेतं?

सकाळी बटण दाबलं. दिवा, पंखे, टक्.

पाचशे रुपये परत मागणं नात्यात बसत नाही.

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरचे काका आले. ते वीज मंडळातून निवृत्त झालेत. मंडळाची कंपनी होऊन जमाना झाला, पण काका अजून 'बोर्ड' म्हणतात आणि बोर्डाच्या वतीनेच बोलतात. आयुष्यातली सगळी दुःखं त्यांच्या मते दोन कारणांनी होतात. अर्थिंग नसणं आणि न्यूट्रल सैल असणं. त्यांनी होल्डरला वायरी लावलेला दिवा आणला, फेज आणि अर्थिंगमध्ये धरला, तो लख्ख पेटला, तेव्हा त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी युपीएस काढून थेट भिंतीतून वीज दिली, पाच सॉकेटचा बोर्ड बदलला, फ्रिजचा प्लग काढला. फ्रिज संध्याकाळपर्यंत तसाच राहिला आणि त्यातलं दूध नासलं, एवढाच काय तो वीजपुरवठ्यात फरक पडला.

पण काका शिस्तीचे. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि एका पाठकोऱ्या कागदावर नोंद सुरू केली. 'प्रयत्न १, ४ सेकंद. प्रयत्न २, ४ सेकंद.' अशा अकरा नोंदी झाल्या. अकराही चार सेकंदांच्या. खाली त्यांनी सही केली, तारीख घातली आणि कागद मला दिला. "हे जपून ठेवा," ते म्हणाले. "कशासाठी?" मी विचारलं. "ते मला माहीत नाही," काका म्हणाले, "पण नोंद असावी."

या लेखात शहाणपणाचं वाक्य एकूण दोनदा उच्चारलं गेलं. त्यातलं हे पहिलं. मी तो कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि विसरलो.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर डोकावले. ते होमिओपॅथ आहेत. रोग्याला बघण्याआधी त्याचा स्वभाव बघतात. त्यांनी खुर्ची ओढली आणि विचारायला सुरुवात केली. "त्रास सकाळी जास्त होतो की संध्याकाळी? गार हवेत बरं वाटतं का? आधी कधी असं झालं होतं? काही आवाज करतो का, की गपचूप जातो?" बायको स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती. पण भाचा मात्र गंभीर झाला, कारण हे सगळे प्रश्न बरोबर होते. सीपीयूवर बसवलेला पंखा सैल झाला किंवा मधली पेस्ट वाळली, तर तो तुकडा बघता बघता इतका तापतो की स्वतःला वाचवायला यंत्रच बंद करतो. आणि गार झाला की थोडा जास्त वेळ टिकतो. मेमरी नसेल तर पुष्कळ बोर्ड पिपाण्या वाजवून तक्रार करतात. गपचूप जाणं, पिपाणी वाजवून जाणं, तापून जाणं, ही निरनिराळ्या दुखण्यांची निरनिराळी लक्षणं आहेत.

मग दोघांनी मिळून पंखा काढला, जुनी पेस्ट पुसली, नवी वाटाण्याएवढी लावली. डॉक्टरांनी बोर्डावरचे बारके डबे, म्हणजे कपॅसिटर, टॉर्चने तपासले. "पोट फुगलंय का बघ," ते म्हणाले, "गॅस असेल." मी हसलो. भाचा म्हणाला, "मामा, हसू नका. २००० सालानंतर काही वर्षं जगभर खराब द्रव भरलेले कपॅसिटर बोर्डावर बसले होते. त्यांच्या आत खरोखर वायू साठायचा आणि माथा फुगून फुटायचा." डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पंधरा वर्षांपूर्वी त्यांचं बिल थकवलं होतं ते मला आठवलं. आमच्या कपॅसिटरांची पोटं मात्र सपाट निघाली. पुन्हा बटण दाबलं. दिवा, पंखे, टक्.

पुढचे दोन दिवस आमचं घर म्हणजे सार्वजनिक वाचनालय झालं. ज्याला वेळ होता तो येऊन आतलं काही तरी उघडून बघून जात होता. बोर्डावरचा तीन व्होल्टचा सेल बदलला. त्याचं नाव सीआर २०३२, म्हणजे वीस मिलिमीटर रुंद आणि तीन पूर्णांक दोन मिलिमीटर जाड. एवढं सरळ नाव माणसांना ठेवलं तर बारशी पाच मिनिटांत उरकतील. भाच्याने कागदाच्या क्लिपने एसएमपीएसची हिरवी आणि काळी वायर जोडून दाखवली. बोर्डाची मंजुरी न घेताच डबा सुरू झाला आणि मजेत फिरत राहिला. म्हणजे तोही निर्दोष. बोर्ड पत्र्याला कुठे टेकतोय का, म्हणून खालचे पितळी खिळे मोजले. पण तसा शॉर्ट असता तर यंत्राने चार सेकंदही दम धरला नसता, पापणी लवायच्या आत गेलं असतं, असं भाच्याचंच म्हणणं पडलं. हार्ड डिस्क काढली, सीडीचा ड्राइव्ह काढला, मागचं सगळं काढलं. एका गोष्टीला मात्र कोणी हात लावला नाही. खोक्याच्या समोरच्या बटणापासून बोर्डाकडे जाणाऱ्या त्या केसांएवढ्या बारीक वायरी. त्यांना तीळभर चिमटे असतात, त्यावर मुंगीच्या अक्षरात काही लिहिलेलं असतं, आणि काढले तर ते परत कुठे लावायचे हे लावणाऱ्यालाही ठाऊक नसतं. "तेवढं सोडून बघू या," असं प्रत्येक जण म्हणाला. डॉक्टरही म्हणाले.

मधूनच केव्हा तरी यंत्र सुरू व्हायचं, तास दोन तास चालायचं. प्रत्येक वेळी त्याचं श्रेय त्या क्षणी जो खोक्याजवळ असेल त्याला मिळायचं. त्यामुळे सोसायटीत एकाच वेळी चार उपचारपद्धती सिद्ध झाल्या. एक रबराची, एक पेस्टची, एक खोका आग्नेयेला सरकवण्याची, आणि एक तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची, ज्यांनी फक्त "उठ रे बाबा" म्हटलं होतं. प्रत्येकाचा आपल्या पद्धतीवर विश्वास इतका घट्ट बसला, की दुसऱ्या दिवशी ते बंद पडलेलं पाहून त्यांना यंत्राचा नव्हे, माझाच संशय यायला लागला. मी पथ्य पाळत नव्हतो, असं त्यांचं म्हणणं.

शेवटी मी ठरवलं, मुंबई. ग्रँट रोड स्टेशनला उतरलं की लॅमिंग्टन रोड. लॉर्ड लॅमिंग्टन नावाचे मुंबईचे गव्हर्नर विसाव्या शतकाच्या आरंभी होऊन गेले. त्यांचं नाव कागदावरून पुसून रस्त्याला डॉ. दादासाहेब भडकमकरांचं नाव दिलं, त्यालाही कितीतरी वर्षं झाली, पण तुम्ही टॅक्सीवाल्याला 'भडकमकर मार्ग' सांगून बघा, तो तुम्हाला पत्ता नीट माहीत नसलेला पाहुणा समजेल. देशातली कुठलीही बिघडलेली विजेची वस्तू या रस्त्यावर कधी ना कधी येऊन जाते, अशी आमच्या पिढीची श्रद्धा आहे.

खोका जुन्या चादरीत गुंडाळला, सुतळीने बांधला आणि दुपारची लोकल धरली. डब्यात गर्दी नव्हती, म्हणजे माझा डावा पाय जमिनीला लागत होता. चादर समोरून थोडी सरकली होती. दसऱ्याचं कुंकू आणि झेंडूची एक वाळकी पाकळी तिथून दिसत असावी. ठाण्याला चढलेल्या एका आजींनी खोक्याला मनोभावे नमस्कार केला आणि मला विचारलं, "कुठली देवी, बाळा?" साठीच्या माणसाला कोणी बाळा म्हटलं की खरं सांगवत नाही. "घरचीच," मी म्हणालो. लगेच दोघांनी उठून जागा दिली. देवी सीटवर बसली, मी उभा राहिलो. दादरला गाडी बदलताना एका तरुणाने तो खोका उचलून दिला आणि पायऱ्या चढून गेल्यावर हात जोडले. अख्ख्या मुंबईला त्या दिवशी खोक्यावरचं कुंकू दिसलं. आम्ही घरातले आठ दिवस त्याच्याकडे बघत होतो आणि आम्हाला ते सवयीने दिसेनासं झालं होतं.

एका जिन्याखालच्या गाळ्यात एक पोरगेला कारागीर वडापाव खात बसला होता. त्याने हात पुसले, खोका टेबलावर घेतला, वायर लावली, बटण दाबलं. दिवा, पंखे, टक्. मी रोगाचा इतिहास सांगायला सुरुवात केली. रबर, अर्थिंग, पेस्ट, सेल, आग्नेय. तो मान डोलवत होता आणि ऐकत नव्हता. मध्येच म्हणाला, "काका, दर वेळी एवढाच टाइम लागतो?"

मला खिशातला कागद आठवला. अकरा नोंदी, सही, तारीख.

त्याने तो वाचला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने पाहिलं. "हे कोणी लिहिलं?"

"आमचे बोर्डवाले काका."

"मग त्यांनाच नाही का कळलं? काका, बिघाड कधी टायमावर चालत नाही. कधी दोन सेकंद, कधी दहा, कधी चालूच होणार नाही. टायमावर चालतो तो नियम."

लेखातलं दुसरं शहाणपणाचं वाक्य ते हे. त्याने खोका उघडला आणि ज्यांना आठ दिवस कोणी शिवलं नव्हतं त्या बारक्या वायरींमधला एक तीळभर चिमटा निर्विकारपणे उपटला. उघड्या पडलेल्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं. यंत्र सुरू झालं. चार सेकंद झाले. दहा झाले. मिनिट झालं. पडद्यावर आमच्या सोसायटीचं बोधवाक्य आलं, 'देयके वेळेत भरा'.

मग त्याने खोका आडवा केला, समोरच्या बटणाला कान लावला आणि ते दाबलं. "आवाज ऐका. दाबताना 'टक' येतो. सोडताना येत नाही. बटण आत जातं, पण बाहेर यायला वेळ लावतं." एक टाचणी घेऊन त्याने बटणाच्या कडेची फट उकरली. वाळलेल्या हळदीकुंकवाची एक खपली निघाली. तिच्या मागून एक लालसर, लांबट दाणा टेबलावर पडला.

"हा काय, भात?" त्याने विचारलं.

"अक्षता," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण खोल विहिरीतून आल्यासारखा वाटला.

चार सेकंदांचं कोडं आता सुटलं. संगणक गोठला, ऐकेनासा झाला, तर बटण चार सेकंद दाबून धरायचं आणि तो मुकाट्याने बंद होतो, हे आपण सगळेच करतो. १९९६ च्या अखेरीस इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी विजेच्या व्यवस्थेची जी नियमावली काढली, तिच्यात हा चार सेकंदांचा नियम आहे. आमचं बटण दाबलं की अक्षतेच्या पाचरीने आतच अडकायचं. यंत्राला कळायचं ते एवढंच, की मालकाने चालू करायला सांगितलं, आणि चार सेकंद झाले तरी मालक बोट काढत नाही, म्हणजे त्याला आता बंद करून हवंय. ते इमानाने बंद व्हायचं. कधी बटण आपसूक लवकर सुटलं, की तासभर चालायचं, आणि त्या क्षणी जवळ असलेल्या माणसाची उपचारपद्धती सिद्ध व्हायची.

म्हणजे त्या खोक्यात बिघाड असा नव्हताच. आम्ही आठ दिवस त्याची मेमरी घासली, पोट तपासलं, दिशा बदलली, आणि ते बिचारं सांगितलेलं काम चोख करत होतं. बटण दाबून धरणारा हात आमच्याच घरातला होता. आणि तो हात पाटावर बसलेल्या, स्वतःला पूजेच्या खात्याचा प्रमुख समजणाऱ्या, पेढ्याच्या जागी साखर दाखवणाऱ्या माणसाचा होता.

"किती झाले?" मी विचारलं.

"शंभर द्या."

"एका दाण्याचे?"

"दाणा तुमचाच आहे, काका. घेऊन जा." त्याने तो कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात दिला आणि वडापावकडे वळला.

घरी येऊन मी पुडी उघडली. आईने चष्मा लावून दाणा निरखला. अक्षत म्हणजे न मोडलेला. आठ दिवस बटणाखाली चेंगरूनही तो खरोखर कुठे मोडला नव्हता. तिचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे पूजा आतपर्यंत पोचली होती!" ती म्हणाली. बायकोने दाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि काही बोलली नाही. तीस वर्षांच्या संसारात तिने मला दिलेली ही सगळ्यात मोठी शिक्षा. भाच्याला फोन केला, तर तो म्हणाला, "मामा, मी बटणच सांगणार होतो." डॉक्टर म्हणाले, "अडकलेलं बाहेर पडलं की बरं वाटतंच." काकांनी फक्त आपला कागद परत मागितला, 'मूळ प्रत' म्हणून.

बिलं दुसऱ्याच दिवशी निघाली. थांबून विचारपूस करणारे सभासद पुन्हा जिन्याने पळू लागले. मायेने चौकशी करणारे थकबाकीदार म्हणाले, "इतक्यात दुरुस्त झाला? आजकाल लोक नीट कामच करत नाहीत."

एक अडचण उरली होती. दुरुस्तीचे शंभर रुपये सोसायटीच्या खात्यात टाकायचे, तर आमचे खजिनदार पावती मागतात. पावतीशिवाय ते स्वतःच्या बायकोलाही पैसे देत नाहीत, असं म्हणतात. जिन्याखालच्या गाळ्यात पावती कसली मिळणार? मग मी व्हाउचर लिहिलं, 'संगणक दुरुस्ती, रु. १००/- फक्त'. खाली तो दाणा पारदर्शक चिकटपट्टीने डकवला आणि शेजारी लिहिलं, 'पुरावा सोबत जोडला आहे'.

खजिनदारांनी व्हाउचर उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं. मग पेन काढून चिकटपट्टीवर अर्धी आणि कागदावर अर्धी अशी सही केली.

"हो," ते म्हणाले, "उद्या कोणी दाणा बदलायला नको."